चौसष्ट बीजुकं की बत्तीस? नेच्याच्या दोन पिढ्यांच्या प्रकल्प नोंदी

१२ जून
उद्दिष्ट: नोव्हेंबरच्या प्रात्यक्षिकाला नेच्याच्या दोन्ही पिढ्या जिवंत, एकाच टेबलावर मांडणे. बीजुकधारी पिढी, म्हणजे बीजुकं (स्पोअर) तयार करणारा पानांचा नेचा, मिळवायला त्रास नाही. अडचण गंतुकधारी पिढीची, म्हणजे बीजुकातून उगवणाऱ्या आणि अंडी व शुक्रपेशी तयार करणाऱ्या प्रोथॅलसची. तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. कायमच्या स्लाइडवर तो रंगवलेला असतो. त्यामुळे हे एक स्वतंत्र झाड आहे, स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं, हे विद्यार्थ्याला पटत नाही. नेच्याचा एखादा भाग कापून ठेवलाय असंच वाटतं.

उलटं गणित: पेरणीपासून पक्व प्रोथॅलस ६ ते ८ आठवडे, त्यावर नव्या नेच्याचं पहिलं पान १० ते १२ आठवडे. म्हणून पहिली पेरणी जूनअखेर आणि दुसरी १० सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरात ताजे प्रोथॅलसही हाताशी राहतील.

जाती दोन: टेरिस व्हिटाटा आणि हंसराज (ॲडिॲंटम फिलिपेन्स).

१८ जून
टेरिस व्हिटाटाला चुना मानवतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या चिरेबंदी विहिरी हे त्याचं हमखास ठिकाण. चुन्याच्या दरजांतून तो थेट बाहेर येतो आणि विहिरीत ओल टिकली तर उन्हाळ्यातही हिरवा राहतो. खुलताबाद तालुक्यातल्या तीन विहिरींवरून पानं घेतली, प्रत्येक रोपाचं एकच. गौताळा अभयारण्यातून काही उचलायचं नाही, तिथे वनविभागाची परवानगी लागते. लेण्यांच्या आवारातून तर नाहीच.

पान कसं निवडायचं: टेरिसचे बीजुककोश पर्णिकेच्या कडेला सलग रेषेत असतात, वर कडेचीच घडी. घडीखालची रेषा तपकिरी झालेली हवी. पांढरट-हिरवी असेल तर कच्ची, गंजासारखी मोकळी दिसत असेल तर बीजुकं उडून गेलेली. रानात दहा पानांत कामाची दोन निघतात.

हंसराज जूनमध्ये नुकताच फुटत असतो, पक्व बीजुकं पावसाळा सरताना मिळतात. इथे वापरलेली बीजुकं म्हैसमाळच्या रस्त्याकडेच्या दरडीवरची, गेल्या ऑक्टोबरातली, बटर पेपरच्या पुडीत फ्रिजमध्ये ठेवलेली. बीजुकात हरितद्रव्य नसलेल्या नेच्यांना हे चालतं. ऑस्मुंडा किंवा एक्विसेटमची हिरवी बीजुकं असती तर लवकरच वाया गेली असती.

२१ जून
पानं दोन गुळगुळीत कागदांत, वर वही, पंखा बंद, तीन दिवस. कागदावर दोन प्रकारची पूड पडते: बीजुकं आणि फुटलेल्या कोशांचा भुसा. कागद थोडा तिरका धरून खालून टिचकी मारली की भुसा आधी घरंगळतो, बीजुकं कागदाला चिकटून मागे राहतात. हे तीनदा करावं. भुसा राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते, पेरणीनंतर कितीही काळजी घेतली तरी.

२३ जून
माध्यम दोन प्रकारचं.

अ) आगर. नॉपचं द्रावण (वनस्पतींना लागणाऱ्या क्षारांचं), १ लिटरला: कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ०.२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम, लोहासाठी फेरिक क्लोराइडच्या १ टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब, आगर ९ ग्रॅम. साखर घालायची नाही. प्रोथॅलसला ती लागत नाही, बुरशीला मात्र आयतीच मिळते. प्रत्येक क्षार वेगळ्या पाण्यात विरघळवावा आणि कॅल्शियम नायट्रेट सगळ्यांत शेवटी, बाकीचं द्रावण पातळ झाल्यावर घालावं. घट्ट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम फॉस्फेट पांढरं होऊन तळाला बसतं आणि स्फुरद गेलाच म्हणून समजा. पीएच ५.८.

आ) विटेचे तुकडे. भाजलेली जुनी वीट फोडून ३-४ सेंटिमीटरचे तुकडे, मिठाईच्या पारदर्शक डब्यात, तळाला १ सेंटिमीटर नॉपचं निम्मं पातळ केलेलं द्रावण. वीट स्वतः पाणी वर ओढते.

काळी माती करून पाहण्यात अर्थ नाही. ओली झाली की फुगते, सुकली की तडकते, आणि त्या तडा नखाएवढ्या प्रोथॅलससाठी दऱ्याच असतात.

पाणी: बोअरचं अजिबात नको. बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं भरपूर असतात. ऊर्ध्वपातित पाणी संपलं तर पावसाचं, पहिली सर सोडून धरलेलं, गाळून उकळलेलं. दुकानातलं बॅटरीचं पाणीही चालतं. मात्र बाटलीवर 'ॲसिड' नाही हे दोनदा वाचावं, दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात.

निर्जंतुक करायला घरचा प्रेशर कुकर पुरतो. शिट्टी मोजायची नाही: दाब धरल्यावर आच मंद, आगर २० मिनिटं, विटा ३० मिनिटं.

२४ जून (दिवस ०)
पेरणी. कोरडी पूड चिमटीने भुरभुरवली तर एका कोपऱ्यात हजार आणि दुसऱ्यात शून्य पडतात. म्हणून थेंबाने पेरली. चिमूटभर बीजुकं १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, भांड्याच्या साबणाचा अगदी अंश टाकून (नाहीतर ती पाण्यावर तरंगतात), हलवून. एक थेंब स्लाइडवर घेऊन बीजुकं मोजली: ३० च्या आसपास. ९ सेंटिमीटरच्या पेट्रीडिशचं क्षेत्र साधारण ६४ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ५ ते १० बीजुकं हवीत, म्हणजे डिशला ३२० ते ६४०, म्हणजे ११ ते २१ थेंब. १५ टाकले.

एक डिश मुद्दाम दाट, त्याच्या वीसपट. कारण ५० व्या दिवशी कळेल.

आगरवर जाणारी बीजुकं आधी घरगुती ब्लीच एकास चार पाण्यात, तीन मिनिटं, मग तीन धुण्या. विटांसाठी ब्लीच केलं नाही.

प्रकाश: २० वॅटच्या दोन एलईडी नळ्या, ३० सेंटिमीटरवर, रोज १३ तास. डब्यांची झाकणं फक्त टेकवून ठेवली. अंधारात टेरिस व्हिटाटाची बीजुकं उगवत नाहीत. उगवण तांबडा प्रकाश सुरू करतो आणि निळा अडवतो. पांढऱ्या नळीत दोन्ही असतात, तरी काम भागतं.

१ जुलै (दिवस ७)
आगरच्या चार डिशपैकी एकीत काळी बुरशी. ती उघडायचीच नाही, तशीच कुकरमध्ये. बाकी तिन्हींत टेरिसची बीजुकं तडकलेली: आधी रंगहीन मूलाभ (मुळासारखा धागा) बाहेर येतो, मग हिरवी पेशी. हंसराज अजून गप्प.

१४ जुलै (दिवस २०)
विटांच्या डब्यांत टेरिसचे धागे आठ-दहा पेशींचे झाले, तरी पसरत नाहीत. खरं तर पाच-सहा पेशींनंतर टोकाच्या पेशीत उभी भिंत पडून पापुद्रा सुरू व्हायला हवा. कारण प्रकाश: डबे कडेला होते, नळीखाली नाही. अंधूक किंवा नुसत्या तांबूस उजेडात धागा लांबतच जातो, आडवं पसरण्यासाठी निळा प्रकाश लागतो. डबे मधोमध घेतले. चार दिवसांत टोकं चपटी.

२२ जुलै (दिवस २८)
विटांवर हिरवी जाळी दिसली आणि क्षणभर उगवण जोरात आहे असं वाटलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती शेवाळीची (मॉसची) निघाली. फरक ओळखण्यासारखा आहे: शेवाळीचा धागा फांद्या फोडत सुटतो, त्यातल्या जुन्या धाग्यांच्या भिंती तिरप्या, तिचे मूलाभही अनेक पेशींचे. नेच्याचा धागा सहसा सरळ, बिनफांदीचा, आणि मूलाभ एका पेशीचा. चिमट्याने काढून भागलं नाही, दोन तुकडे फेकून द्यावे लागले. शेवाळीची बीजुकं पावसाळी हवेत असतातच. झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी पुरे.

याच आठवड्यात चिलटं. त्यांच्या अळ्या प्रोथॅलस खालून कुरतडतात, वरून फक्त पिवळे डाग दिसतात. डब्यांच्या तोंडाला मलमलीचं कापड आणि बाहेर पिवळी चिकट पट्टी.

५ ऑगस्ट (दिवस ४२)
वाट पाहायची असताना दुसऱ्या टोकाचा नमुना. पाऊस मुरलेल्या बांधावर आणि माळाच्या खडकांत रिक्शिया (लिव्हरवर्ट) आहे, नाण्याएवढे हिरवे गोल चकदे. इथे सगळं उलटं. जे दिसतं ते सगळं गंतुकधारी. बीजुकधारी पिढी म्हणजे चकद्याच्या आत बुडालेली एक गोळी: ना पाय, ना दांडा, नुसता कोश. चकदा उभा कापला की काळे ठिपके दिसतात, तीच बीजुकं. मातीसकट उचलून परळात ठेवली. आठवड्यात सुकली तरी घाई नको, पाणी शिंपडल्यावर टोकाचा भाग पुन्हा हिरवा होतो.

आवाराच्या भिंतीवरची हायोफिला ही शेवाळीही घेतली. कोरडी असताना पानं आत वळलेली, पाण्याचा थेंब पडला की मिनिटभरात उघडतात. तिच्यावर कोश शोधत बसू नये. ती बहुतेक वेळा कळ्यांनीच वाढते, म्हणून पिढ्यांसाठी नमुना म्हणून निरुपयोगी.

१३ ऑगस्ट (दिवस ५०)
दाट डिश आणि विरळ डिश शेजारी शेजारी. विरळ डिशमध्ये बदामाच्या आकाराचे, खाचेमागे जाड उशी असलेले प्रोथॅलस. उशीवर अंदुककलशांच्या (आर्किगोनियम, अंडं असलेला मादी अवयव) माना दिसू लागल्या. दाट डिशमध्ये लहान, वेडेवाकडे, चमच्यासारखे, आणि जवळजवळ सगळ्यांवर फक्त रेतुकाशय (शुक्रपेशी तयार करणारे नर अवयव), गोल फुग्यांसारखे.

ही गर्दीतली उपासमार नव्हे. आधी वाढलेले प्रोथॅलस अँथेरिडिओजेन हे द्रव्य भोवती सोडतात आणि त्याने मागाहून येणारे नर होतात. डॉपने १९५० मध्ये हे दाखवलं. काही जातींत हे द्रव्य जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाच्या कुळातलं निघालं. प्रात्यक्षिकाला हे सोयीचंच: नर हवेत तर दाट पेरा, मादी अवयव हवेत तर विरळ. 'आमच्या डिशमध्ये आर्किगोनियम सापडतच नाही' ही दर वर्षीची तक्रार बहुतेक वेळा चिमटीने पेरल्यामुळे असते.

२० ऑगस्ट (दिवस ५७)
पावसाने आठ दिवस उघडीप दिली. खोली ३३ अंश. हंसराजाच्या दोन डब्यांत कुणीतरी नळाचं पाणी ओतलं. विटांवर पांढरी साय, प्रोथॅलस पिवळे, शिवाय कडेपासून नाही तर मधूनच. पाण्यातल्या बायकार्बोनेटने पीएच वाढला की लोह असूनही मिळत नाही. साय खरवडू नये. विटेचा तुकडा पावसाच्या पाण्यात तासभर बुडवून काढला, असं तीन दिवस, मग पुन्हा पातळ नॉप. एक डबा सावरला, एक गेला. टेरिसच्या डब्यांतही तेच पाणी पडलं होतं, त्याला फारसं काही झालं नाही. चुन्याच्या भिंतीवर राहणाऱ्याला काय होणार.

२७ ऑगस्ट (दिवस ६४)
२० ऑगस्टचा घोळ आणि त्यानंतरचं बुडवणं सोडलं तर आतापर्यंत कुठल्याही डब्यावर वरून पाणी मारलेलं नाही, सगळं खालूनच. हेतू असा, की शुक्रपेशींना पोहायला पाण्याचा थर मिळू नये आणि फलन आपण ठरवू तेव्हाच व्हावं. टेरिसमध्ये तसंच झालं, अंदुककलश आहेत, पण नवं रोप एकही नाही.

हंसराजाच्या सावरलेल्या डब्यात मात्र खाचेमागून छोटी पानं वर आली आहेत. मोजली, सात.

पहिला संशय त्या बुडवण्यावर आणि झाकणाखाली साचलेल्या थेंबांवर. एक थेंब पडला तरी फलनाला पुरतो. म्हणून अकरा प्रोथॅलस उलटे करून तपासले. रेतुकाशय काहींवर आहेत, अंदुककलश एकावरही नाही. दोन प्रोथॅलस ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून पाहिले: उशीत सर्पिल जाडी असलेल्या वाहिन्या. वाहिन्या ही बीजुकधारी पिढीची खूण, आणि त्या इथे प्रोथॅलसच्याच अंगात. म्हणजे नवा नेचा फलनाशिवाय, थेट प्रोथॅलसच्या ऊतीतून उगवतोय. याला अपयुग्मन म्हणतात. फार्लोने १८७४ मध्ये ते टेरिस क्रेटिकात प्रथम नोंदवलं.

२ सप्टेंबर
खात्री बीजुकं मोजून. तर्क असा: नेहमीच्या नेच्यात एका कोशात १६ मातृपेशी, अर्धसूत्री (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या) विभाजनाने प्रत्येकीच्या चार, म्हणजे ६४ बीजुकं. अपयुग्मनाच्या बऱ्याच जातींत त्याआधीचं शेवटचं विभाजन अर्धवट राहतं. केंद्रक दुभंगत नाही, गुणसूत्रांची संख्या मात्र दुप्पट होते. मातृपेशी आठच राहतात, आणि त्यांचं अर्धसूत्री विभाजन झालं की ३२ बीजुकं, प्रत्येकीत पानाच्या पेशीइतकीच गुणसूत्रं. वाटेत दुप्पट, मग निम्मी. हिशेब जिथे होता तिथेच.

रीत: न फुटलेला एकच कोश सुईने थेंबभर पाण्यात, आच्छादनकाच, वरून पेन्सिलीच्या खोडरबराने दाब. ग्लिसरीन वापरू नये. त्यात कोशाच्या कड्याच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, कडं मागे वाकतं आणि एकदम सुटून बीजुकं भिरकावतं. पाहायला मजा, पण मोजणी बोंबलते.

टेरिस, पाच कोश: ६४, ६४, ६२, ६४, ५९. हंसराज, साठवणीतल्या पानावरचे पाच: ३२, ३२, ३१, ३२, ३०. कमी आकडे कडेला निसटलेल्यांचे. हंसराजाची बीजुकं डोळ्यांनाही थोडी थोराड वाटतात.

भारतातल्या हंसराजात गुणसूत्रांचे एकाहून अधिक प्रकार आहेत, त्यामुळे दुसऱ्या दरडीवरचा हंसराज ६४ देऊ शकतो. नमुना बदलला की मोजणी पुन्हा करायची.

प्रात्यक्षिकाच्या वहीतलं जीवनचक्राचं वर्तुळ इथे अडचणीत येतं. त्यात गंतुकधारीखाली 'एन' (गुणसूत्रांचा एक संच) आणि बीजुकधारीखाली '२एन' (दोन संच) लिहिलेलं असतं, जणू संख्या हीच पिढीची व्याख्या. हॉफमाइस्टरने पिढ्यांचं एकांतरण (दोन पिढ्यांचं आळीपाळीने येणं) १८५१ मध्ये मांडलं तेव्हा गुणसूत्रं मोजणं कुणाला ठाऊकच नव्हतं. लाइपझिगमध्ये घरच्या संगीतप्रकाशनाच्या धंद्यात असलेल्या या माणसाने ते शरीर आणि अवयव पाहून ओळखलं. संख्येचा धागा स्ट्रासबर्गरने १८९४ मध्ये जोडला. हंसराजाच्या डब्यात संख्या बदलत नाही, शरीरं मात्र शिस्तीत पाळीपाळीने येतात: पापुद्रा, पान, पापुद्रा. तेव्हा विद्यार्थ्याला आधी शरीर दाखवायचं, आकडा नंतर.

९ सप्टेंबर
टेरिसच्या फलनाचं निरीक्षण. दोन दिवस डिशचं झाकण किंचित सरकवून प्रोथॅलस थोडे सुकवले. मग दाट डिशमधला एक आणि विरळमधला एक, पोटाची बाजू वर, खोलगट स्लाइडवर, पावसाचं पाणी. सहा मिनिटांत रेतुकाशयाची टोपी उडाली आणि गुंडाळलेल्या शुक्रपेशी बाहेर पडल्या, मळसूत्रासारख्या फिरत. १०० पटीवर शोधावं, ४०० वर पाहावं. कशाभिका (पोहायचे केसासारखे धागे) दिसायला कडेने आयोडिनचा थेंब, मात्र त्याने त्या मरतात, म्हणून शेवटी. न सुकवता थेट पाणी घातलं तर अर्धा तास काहीच होत नाही आणि तास संपतो.

प्फेफरचा १८८४ चा प्रयोगही जमतो: केशनळीत ०.०१ टक्क्याच्या आसपासचं सोडियम मॅलेट, तोंड थेंबात. शुक्रपेशी नळीच्या तोंडाशी गोळा होतात.

उरलेल्या टेरिसवर आज फवारणी. संध्याकाळी दुसरी पेरणी.

१८ सप्टेंबर
सपुष्प वनस्पतींची गंतुकधारी पिढी दाखवायला तेरडा. १०० मिलिलिटर पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक आम्ल १० मिलिग्रॅम. सकाळी उमललेल्या फुलाचे पराग थेंबात झटकायचे. पंधरा-वीस मिनिटांत परागनलिका दिसते, तासाच्या प्रात्यक्षिकाला याहून सोयीचं फूल नाही. ज्वारीचा पराग करून पाहिला: परागकण तीन पेशींचा, म्हणजे अख्खी नर पिढी तेवढीच. पण तो लवकर मरतो आणि द्रावणात फुटतो. त्याची नलिका दाखवायचा हट्ट सोडला.

६ ऑक्टोबर
टेरिसच्या फवारलेल्या डब्यांत पहिली पानं. एका प्रोथॅलसवर सहसा एकच रोप. अनेक अंडी फलित झाली तरी एक पुढे जातं. पान आणि पापुद्रा अजून एकमेकांना जोडलेले आहेत, हीच अवस्था टेबलावर हवी. दोन आठवड्यांनी प्रोथॅलस कुजून जाईल.

ऑक्टोबरची हीट आणि दुपारचं भारनियमन. डबे घमेल्यात ओल्या वाळूवर, वर ओलं पोतं. खोली ३५, डबा २८. पोतं डब्याला टेकू देऊ नये, बुरशी तिथूनच शिरते.

२४ ऑक्टोबर
तीन-चार पानांची रोपं बाहेर काढली: पालापाचोळ्याचं खत २ भाग, विटेची भरड १, नदीची वाळू १. टेरिससाठी मूठभर चुनखडी, हंसराजासाठी नाही. झाकण एका दिवसात काढलं की सगळी माना टाकतात. बोटभर, मग दोन बोटं, असं दहा दिवसांत उघडावं.

१० नोव्हेंबर
मांडणी. पहिली वाटी: दुसऱ्या पेरणीतले टेरिसचे प्रोथॅलस, विरळ. दुसरी: दाट. तिसरी: पान फुटलेले जोड (नंतरच्या फवारणीतले, उशिराचे). चौथी: हंसराज. बाजूला परळात रिक्शिया, भिंग आणि ब्लेड. वाट्यांवर जातीचं नाव लिहिलेलं नाही, फक्त आकडा. प्रत्येक गटाला वाटीबरोबर न फुटलेल्या कोशांचा पानाचा तुकडा. सूचना एकच: आधी अंदुककलश शोधा, नंतर बीजुकं मोजा, मग वर्तुळ काढा.

चौथ्या वाटीला वीस मिनिटं जास्त द्यायची.